सूचना बालरथाच्या चालकापर्यंत पोचली का?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळा अर्ध्या दिवसाची आहे हे मुख्याध्यापकांना माहीत असते, शिक्षकांना माहीत असते आणि मुलांना तर दोन दिवस आधीपासून माहीत असते. माहीत नसते ते बालरथाच्या, म्हणजे शाळेच्या बसच्या, चालकाला. मग साडेअकरा वाजता मुले फाटकाशी येतात, गाडी नेहमीप्रमाणे एकला येते आणि मधला दीड तास एखादी शिक्षिका साठ मुले घेऊन उन्हात किंवा पागोळ्यांखाली उभी राहते. चौकशी केली तर उत्तर ठरलेले असते: 'सूचना ग्रुपवर टाकली होती.' टाकली असेल, पण चालक त्या ग्रुपवर नसतो.

गोव्यातील शाळांत मुख्याध्यापक, पर्यवेक्षक आणि लिपिक म्हणून आयुष्य घालवलेल्या आम्हा काही जणांचे म्हणणे एवढेच आहे, की शाळेत माहितीचा तुटवडा नाही, वाट चुकलेली आहे. परिपत्रके येतात, मेल येतात, ग्रुप वाजत असतात आणि तरीही दुसऱ्या तासाला सातवीचा वर्ग शिक्षकाविना बसलेला असतो. त्यावर आणखी एक ग्रुप काढणे हा उपाय नव्हे. रोजची माहिती एका ठिकाणी, एका ठरलेल्या वेळी, एका माणसाच्या जबाबदारीवर यावी आणि ती वाचल्याची सही राहावी, एवढे केले तरी निम्मे घोळ मिटतात. कसे, ते थोडे सविस्तर लिहितो, कारण असल्या गोष्टी तपशिलातच बिघडतात.

सर्वांत आधी दिनपत्रक. ए-फोर कागद, एकच बाजू, मोठे अक्षर. ते आदल्या दिवशी शाळा सुटण्यापूर्वी पर्यवेक्षकांनी तयार करायचे आणि सकाळी सात वीसपर्यंत हजेरीपटाच्या शेजारी लावायचे. हजेरीपटाच्या शेजारीच का, तर प्रत्येक जण दिवसातून निदान एकदा तिथे पेन घेऊन उभा राहतो. सूचनाफलक कितीही देखणा असला तरी त्यासमोर थांबायची सक्ती कोणावर नसते. दिनपत्रकाच्या तळाशी सर्वांची आद्याक्षरे छापलेली असावीत आणि हजेरीची सही करतानाच तिथेही खूण व्हावी. ज्याची खूण नाही त्याला पहिल्या तासाआधी शिपायाने गाठायचे. यात अपमान वाटण्यासारखे काही नाही. बँकेत चेकवर सही मागतात, तसेच हे.

त्यावर असावे काय? तारीख आणि वार. कोण रजेवर आणि कोण शाळेच्या कामाने बाहेर (रजेचे कारण मात्र लिहू नये, आजारपण हा प्रत्येकाचा खासगी मामला आहे). बदली तास. घंटेत बदल असल्यास प्रत्येक घंटेची वेळ. आज कोण पाहुणे, तपासणी किंवा आरोग्य पथक येणार आणि त्यांना कोण भेटणार. कोणती खोली बंद, कोणत्या टाकीला पाणी नाही. माध्यान्ह आहाराची संख्या आणि चव पाहणाऱ्या शिक्षकाचे नाव. बालरथाच्या वेळेत बदल असेल तर तो. बस्स. सुविचार, वाढदिवस, अभिनंदन यांना दुसरा फलक आहे. दिनपत्रक लांबले की लोक ते वाचणे सोडतात, आणि मग 'लिहिले होते की!' हे कागदोपत्री खरे ठरते.

प्रती तीन काढाव्यात. एक शिक्षकखोलीत, दुसरी शिपायांच्या बाकाजवळ आणि तिसरी आहार उतरवून घेतात त्या जागी, जिथून बालरथाचे मदतनीसही जातात-येतात. ही तिसरी प्रत बहुतेक शाळांत निघतच नाही. आणखी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट: कालचा कागद आज सकाळी काढलाच पाहिजे. जुना कागद नव्याच्या खाली लोंबत राहिला की घाईत असलेला माणूस नेमका तोच वाचतो. काढलेले कागद फेकायचे नाहीत, फाइलला लावायचे. पुढे तपासणीच्या वेळी किंवा एखादी तक्रार आल्यावर 'त्या दिवशी पाचव्या तासाला वर्गावर कोण होते' याचे उत्तर त्या फाइलीत सापडते.

आता बदली तास. शाळेचा सकाळचा अर्धा ताण इथेच असतो. रजेचा फोन सकाळी साडेसहापूर्वी आणि एकाच क्रमांकावर यायला हवा. काही जण मुख्याध्यापकांना कळवतात, काही लिपिकाला आणि काही शेजारी राहणाऱ्या सहकाऱ्याला ('सांगशील ना?'). तिथेच पहिली गाठ सुटते. पर्यवेक्षकांकडे रिकाम्या तासांचा तक्ता तयार हवा: आडव्या ओळीत तास, उभ्या रांगेत वार आणि प्रत्येक चौकटीत त्या वेळी मोकळ्या असलेल्या शिक्षकांची आद्याक्षरे. हा तक्ता वेळापत्रकाबरोबरच बनवला तर सकाळी दहा मिनिटांत वाटणी होते. नसेल तर पर्यवेक्षक शिक्षकखोलीत येऊन समोर दिसेल त्याला पाठवतात आणि महिन्याभरात असे ध्यानात येते, की लवकर येऊन खोलीत बसणाऱ्याच्याच वाट्याला सगळे बदली तास आलेले आहेत. म्हणून वहीत नावापुढे आकडा चढवत जावे. शक्यतो एका दिवशी एकाला एकच बदली तास द्यावा आणि ज्याचा महिन्याचा आकडा कमी, त्याला आधी पाठवावे. आकडे सर्वांना दिसतील असे ठेवले की कुरबुर आपोआप खाली येते.

बदली तासाच्या नोंदीत 'सातवी ब, तिसरा तास' एवढेच लिहून भागत नाही. तिथे काय घ्यायचे, हेही लिहावे. ठरवून रजा घेणाऱ्याने स्वाध्याय ठेवून जावे. अचानकच्या रजेसाठी प्रत्येक विषयाचे दोन-तीन तयार कागद पर्यवेक्षकांच्या कपाटात असावेत. नाहीतर गणिताच्या तासाला गेलेले हिंदीचे शिक्षक 'शांत बसा, वाचत बसा' म्हणतात आणि पस्तीस मिनिटे वाया जातात. वर्ग शिक्षकाविना राहिला तर वेळ जातो हे खरेच, पण पडणे-लागणे, भांडणे, खिडकीची काच, हे सगळेही त्याच दहा मिनिटांत होते.

घंटेबद्दल वेगळे लिहायला हवे, कारण कार्यक्रमाच्या दिवशी शिपायाला 'आज तास पंचवीस मिनिटांचे' एवढेच सांगण्याची पद्धत आहे. हिशेब करून पाहा. पावणेआठला प्रार्थना, दहा मिनिटे. पस्तीस मिनिटांचे आठ तास म्हणजे २८० मिनिटे. दोन सुट्ट्या मिळून ३० मिनिटे. शाळा १.०५ ला सुटते. तास पंचवीस मिनिटांचे केले की २०० मिनिटे होतात आणि अभ्यास ११.४५ ला संपतो. कार्यक्रमाला ८० मिनिटे मिळतात. हा हिशेब पर्यवेक्षकांच्या डोक्यात असतो, शिपायाच्या हातात काहीच नसते. तो बिचारा घड्याळ पाहून प्रत्येक वेळी पंचवीस मोजतो, मध्ये कार्यालयातून हाक येते आणि चौथा तास चाळीस मिनिटांचा होतो. त्याऐवजी कागदावर सरळ लिहून द्यावे: ७.५५, ८.२०, ८.४५, ९.१०, ९.३५ मधली सुट्टी, आणि असेच शेवटपर्यंत. असा छोट्या तासांचा कागद वर्षाच्या सुरुवातीला एकदा बनवून घंटेशेजारी लॅमिनेट करून टांगला, की वर्षभर फक्त 'आज दुसरा कागद' एवढेच सांगावे लागते.

आता सूचनेच्या भाषेकडे वळतो. नमुना म्हणून आपल्याकडे सर्रास निघते तशी एक सूचना घ्या: 'सर्व शिक्षकांना कळविण्यात येते की येत्या शनिवारी विज्ञान प्रदर्शनाची पूर्वतयारी असल्याने संबंधितांनी योग्य ती कार्यवाही करून सहकार्य करावे.' व्याकरण निर्दोष, पण माहिती शून्य. येता शनिवार म्हणजे कोणता? सूचना शुक्रवारी निघाली असेल तर उद्याचा की पुढच्या आठवड्यातला? संबंधित कोण? योग्य ती कार्यवाही म्हणजे टेबले लावायची की मुलांना सोडायचे? शाळेच्या सूचनांतून 'संबंधित' हा एक शब्द हद्दपार केला तरी पुष्कळ काम होईल, कारण हा शब्द वाचून प्रत्येक जण दुसऱ्याकडे पाहतो.

तीच सूचना अशी लिहिता येते: 'शनिवार, १३ डिसेंबर, सकाळी ९.४० ते ११. आठवी-नववीचे प्रकल्प सभागृहात मांडून पाहायचे. आठवी व नववीचे वर्गशिक्षक आणि दोन्ही विज्ञान शिक्षक हजर. टेबले १४ आणि वीजजोड ६ शुक्रवारी साडेबारापर्यंत शिपाई लावतील. पाचवी ते सातवीचे तास नेहमीप्रमाणे. बालरथ नेहमीच्या वेळी. अडचण गुरुवारपर्यंत पर्यवेक्षकांना सांगावी.' शेवटून दुसरे आणि तिसरे वाक्य पाहा. ज्यांच्यासाठी काहीच बदलत नाही त्यांनाही ते कळवावे लागते. नाहीतर पाचवीच्या शिक्षिका वर्ग घेऊन सभागृहाच्या दाराशी येतात. 'उद्या', 'परवा', 'येत्या' हे शब्द तर मोबाइलवर पूर्ण वर्ज्य करावेत. रात्री अकराला लिहिलेला 'उद्या' दुसऱ्या दिवशी सकाळी वाचला जातो आणि सगळे एक दिवस पुढे सरकते.

व्हॉट्सअ‍ॅपला आमचा विरोध नाही. त्याशिवाय आता शाळा चालणे नाही. पण त्याची शिस्त हवी. सूचनांचा ग्रुप वेगळा ठेवून सेटिंगमध्ये फक्त अ‍ॅडमिननेच लिहावे अशी सोय करावी. शुभेच्छा आणि गप्पा दुसऱ्या ग्रुपवर, तिथे काय हवे ते चालू दे. एकाच ग्रुपवर दोन्ही चालले, की संध्याकाळी सातच्या सूचनेवर तीस 'हार्दिक अभिनंदन' येऊन पडतात आणि ती गाडली जाते. 'ओके सर' तीस वेळा लिहिण्यापेक्षा अंगठ्याची खूण द्यावी. खूण कोणी दिली याची यादी तिथेच दिसते. आठवडाभर लागणारी सूचना वर पिन करता येते, सात किंवा तीस दिवसांसाठी. संदेश आपोआप नाहीसे होण्याची सोय या ग्रुपवर बंद ठेवावी, कारण नव्वद दिवसांनी नेमकी सहलीच्या पैशांची सूचना शोधावी लागते. अ‍ॅडमिन दोघे असावेत, एकटा नको. तो एकटा दवाखान्यात असेल त्या दिवशीच पाऊस येतो.

सूचना चुकली तर जुनी पुसू नये आणि गुपचूप दुरुस्तही करू नये. दुरुस्ती करायला पंधरा मिनिटे मिळतात हे खरे, पण त्या पंधरा मिनिटांत वीस जणांनी जुनी वाचलेली असते आणि ते पुन्हा बघायला येत नाहीत. नवा संदेश टाकावा, पहिला शब्द 'बदल', मग आधी काय होते आणि आता काय आहे. भिंतीवरचा कागदही त्याच वेळी बदलावा आणि त्यावर 'सुधारित, सकाळी ९.१५' असे लिहावे. शाळा चालू असताना झालेला बदल मात्र मोबाइलवर सोडून देऊ नये. तासावरच्या शिक्षकाने फोन बघू नये अशी अपेक्षा आपणच करतो. अशा वेळी वही घेऊन शिपाई वर्गोवर्गी फिरणे, ही जुनी पद्धत अजूनही सर्वांत खात्रीची. शिवाय सत्तरी, सांगे, धारबांदोडा, काणकोणच्या आतल्या गावांत नेटवर्क आणि वीज या दोन्ही गोष्टी पावसाळ्यात पाहुण्यासारख्या असतात. तिथे वहीला पर्याय नाही.

ग्रुपवर काय येऊ नये, तेही लिहितो. मुलांच्या आधार क्रमांकांच्या याद्या, आजारपणाची माहिती, पालकांच्या तक्रारी, कर्मचाऱ्याला दिलेली समज. यातले काहीच तीस जणांना एकदम कळायची गरज नसते. पोक्सोच्या प्रकरणात तर मुलाची ओळख बाहेर जाणे हाच कायद्याचा भंग आहे. तिथे ज्याला कळवायचे त्यालाच, समोरासमोर.

वरून येणाऱ्या परिपत्रकांचा प्रवासही नीट आखावा लागतो. पर्वरीच्या शिक्षण संचालनालयाची परिपत्रके बहुधा इंग्रजीत असतात. शिक्षकांना ती वाचता येतात, पण तीन पानांतून आपल्यापुरते दोन ओळींचे काम काढायला वेळ कोणाला? लिपिकाने मेल दिवसातून दोनदा, सव्वाआठला आणि सव्वाबाराला उघडावा. प्रत्येक परिपत्रकाला आवक क्रमांक द्यावा, मुख्याध्यापकांनी त्यावर एका माणसाचे नाव आणि तारीख लिहावी आणि वरच्या कोपऱ्यात मराठीत चार गोष्टी टाचाव्यात: काय करायचे, कोणी, कधीपर्यंत आणि कोणत्या नमुन्यात. 'सर्वांनी नोंद घ्यावी' असा शेरा मारून फिरवलेल्या परिपत्रकावर पंचवीस सह्या होतात आणि काम एकही होत नाही. काम ज्याच्यावर सोपवले त्याच्या नावाभोवती लाल वर्तुळ काढावे, बाकीच्यांनी नुसती माहिती म्हणून सही करावी.

जुनी परिपत्रके नव्याने फिरतात, हा पावसाळ्यातला नेहमीचा ताप. सुट्टीचे परिपत्रक आले की आधी तारखेतले वर्ष पाहावे, मग क्रमांक आणि सही, आणि मग संचालनालयाच्या संकेतस्थळावर ते आहे का हे बघावे. शंका राहिली तर भागशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात फोन करावा. तोवर एकानेही ते पुढे ढकलू नये.

पावसाच्या सुट्टीची तयारी जूनमध्येच करून ठेवायची असते. ८ जुलै २०२४ ची सुट्टी आदल्या दिवशी, म्हणजे रविवारी, जाहीर झाली. अशा वेळी कार्यालय बंद, फलक निरुपयोगी, आणि अर्ध्या लोकांचे फोन चार्जिंगला. त्यासाठी फोनसाखळी कागदावर आखलेली हवी. तीस माणसांची शाळा असेल तर मुख्याध्यापकांनी तिघांना फोन करायचे, त्या तिघांनी प्रत्येकी तिघांना आणि त्या नऊ जणांनी प्रत्येकी दोघांना. तीन अधिक नऊ अधिक अठरा, झाले तीस. फोनला दोन मिनिटे धरली तरी पंधरा-वीस मिनिटांत काम आटोपते. साखळी तुटते ती मधला एक जण फोन उचलत नाही म्हणून. नियम सोपा आहे: तो उचलत नसेल तर त्याच्या वाट्याचे फोन आपण करायचे, आणि शेवटी 'माझे सगळे झाले' हे उलट वर कळवायचे. हा उलटा निरोप नसेल तर साखळी पूर्ण झाली की नाही, हे कळायला मार्ग नाही.

या साखळीत पहिली दोन नावे कोणाची असावीत? शिक्षकांची नव्हेत. पहिला बालरथाचा चालक, कारण तो पहाटेच निघतो. दुसरा आहार पुरवणारा स्वयंसाहाय्य गट. पाव-भाजीचा दिवस असेल तर पोदेराला (पाववाल्याला) पावाचा आकडा आदल्या दिवशीच गेलेला असतो आणि भाजी पहाटे चुलीवर चढते. सकाळी आठला कळवून त्यांचे नुकसान टळत नाही.

आहाराच्या आकड्याबाबत रोजचीच हयगय होते. केंद्राच्या निकषाप्रमाणे पाचवीपर्यंतच्या मुलामागे १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलामागे १५० ग्रॅम धान्य धरले जाते. म्हणजे दोन वर्ग मिळून सत्तर मुले सहलीला गेली आणि गटाला कळवले नाही, तर सात ते साडेदहा किलो धान्याचे अन्न उरते. आणि उलट झाले, म्हणजे परीक्षा संपून सगळे वर्ग एकदम आले, तर शेवटच्या रांगेतल्या मुलांना अर्धा पाव मिळतो. सहल, क्रीडा स्पर्धा, परीक्षा यांची तारीख ठरली की आहाराचा आकडा त्याच कागदावर उतरला पाहिजे. अन्न वाढण्यापूर्वी मोठ्या माणसांनी चाखायचे असते आणि त्यात एक शिक्षक असावाच लागतो. तो कोण, हे दिनपत्रकात नावानिशी नसेल तर चवीच्या वहीत दुपारी एकदमच सात दिवसांच्या सह्या होतात.

बाहेरचे पथक येते तेव्हा काय काय कळवावे लागते, त्याला जंतनाशक गोळ्यांचा दिवस हे चांगले उदाहरण आहे. तो साधारण १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमारास असतो. वर्गशिक्षकाला त्या दिवशी सकाळी गोळ्यांची पाकिटे हातात मिळून उपयोग नाही. त्याला तीन दिवस आधी कळायला हवे, की अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी चावून खायची असते, नुसती गिळायची नाही. आजारी मुलाला त्या दिवशी द्यायची नाही. गैरहजर आणि आजारी मुलांची यादी ठेवायची, कारण त्यांच्यासाठी काही दिवसांनी पुन्हा फेरी असते. पालकांना चिठ्ठी कधी जाणार, पिण्याचे पाणी कुठे ठेवणार, कोणाला मळमळले तर कोणत्या खोलीत बसवायचे आणि आरोग्य केंद्राचा फोन कोण करणार, हे सारे एका अर्ध्या पानात मावते. हे अर्धे पान निघत नाही म्हणून पालकांचे घाबरलेले फोन येतात.

पुढच्या कार्यक्रमांसाठी साप्ताहिक पत्रक शुक्रवारी दुपारी निघावे. शनिवारी नको, कारण त्यातली चूक दाखवायला लोकांना एक दिवस मिळाला पाहिजे. त्यात पुढचा आठवडा तपशिलाने आणि त्यापुढचे दोन आठवडे नुसत्या मथळ्यांनी द्यावेत. स्नेहसंमेलन, क्रीडादिन, सहल यांना तीन आठवडेही कमीच पडतात. रवींद्र भवनाची तारीख, ध्वनिक्षेपकाची परवानगी, रात्री दहाची मर्यादा, बालरथाची उशिराची फेरी ही कामे महिनाभर आधी नावानिशी वाटलेली हवीत.

वार्षिक वेळापत्रक करताना एक चूक दर वर्षी होते, ती म्हणजे मागच्या वर्षीच्या तारखा उतरवून घेणे. चवथ (गणेश चतुर्थी) २०२४ साली ७ सप्टेंबरला होती, २०२५ साली २७ ऑगस्टला आणि २०२६ साली १४ सप्टेंबरला. चाचणी ज्या आठवड्यात गेल्या वर्षी बसली, त्याच आठवड्यात पुढच्या वर्षी गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधायची असते. १८ जूनचा क्रांतिदिन आणि १९ डिसेंबरचा मुक्तिदिन हलत नाहीत, पण जत्रा हलतात. म्हापशात बोडगेश्वराच्या जत्रेच्या दिवसांत पालकसभा ठेवली तर येणार कोण? आणि आता एकाच छपराखाली दोन वेळापत्रके आली आहेत. २०२५ साली सहावी ते दहावी आणि बारावीचे वर्ग ७ एप्रिलला सुरू झाले, खालचे वर्ग जूनमध्ये. जिथे दोन्ही एकाच आवारात भरतात, तिथे एप्रिलमध्ये कोणत्या वर्गांना आहार, किती बालरथ आणि कोणत्या शिपायाची पाळी, हे मार्चअखेर लेखी नसेल तर पहिला आठवडा विचारपूस करण्यातच जातो.

अर्धवेळ आणि फिरत्या माणसांचा विचार तर कोणीच करत नाही. तासिका तत्त्वावरचे शिक्षक, संगीत आणि चित्रकलेचे शिक्षक, शिक्षण विकास महामंडळाकडून येणारे समुपदेशक. हे समुपदेशक अनेक शाळा सांभाळतात आणि ठरलेल्या वारी येतात. त्या दिवशी नववीचा वर्ग क्रीडा स्पर्धेला गेलेला असतो आणि त्यांना ते फाटकात आल्यावर कळते. दिवाडी-चोडणच्या बेटांवर फेरीबोटीने येणाऱ्यांनाही बदललेली वेळ सकाळी कळून काय उपयोग? साप्ताहिक पत्रक या सर्वांना शुक्रवारीच मोबाइलवर पाठवावे आणि त्यांची नावे फोनसाखळीत घालावीत.

एकशिक्षकी प्राथमिक शाळांना यातले बरेचसे लागू नाही. तिथे दिनपत्रक लावणारा, वाचणारा आणि सही करणारा एकच माणूस. त्यांची अडचण निराळी: बैठकीचा निरोप आदल्या संध्याकाळी येतो आणि दुसऱ्या दिवशी मुले कोणाच्या हवाली करायची हा प्रश्न उभा राहतो. वरिष्ठ कार्यालयांना आमची एक विनंती आहे. बैठक, माहितीचा तक्ता, निवडणुकीचे प्रशिक्षण यांचे आदेश काढताना आपत्ती सोडून इतर वेळी तीन कामाचे दिवस तरी हातात ठेवावेत. त्याबरोबर बदली शिक्षक कोण, हे त्याच आदेशात लिहावे. आणि प्रत्येक परिपत्रकाच्या पहिल्या ओळीत शेवटची तारीख ठळक छापावी. सध्या ती तिसऱ्या पानावर, सहीच्या वर दोन ओळी, अशी सापडते.

आपले,
गोव्यातील शाळांत काम केलेले काही निवृत्त मुख्याध्यापक, पर्यवेक्षक आणि लिपिक
फोंडा